संरक्षित समुद्रात डायव्हरांना प्रवेश का? मेदेस बेटांच्या उदाहरणावरून

जून २०२५ मध्ये फ्रान्समधील नीस शहरात संयुक्त राष्ट्रांची महासागर परिषद भरली आणि एक आकडा पुन्हा चर्चेत आला: २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचा. हे उद्दिष्ट डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत ठरले आणि भारतानेही ते मान्य केले आहे. मात्र संरक्षित समुद्र म्हणजे प्रत्यक्षात काय, हे बातम्यांमधून फारसे उलगडत नाही. पाण्याला कुंपण घालता येत नाही, मासे सीमा पाळत नाहीत आणि ज्या भूमध्य समुद्राच्या काठी ही परिषद झाली, तिथल्या कित्येक नावाजलेल्या संरक्षित जागांमध्ये मासेमारीला बंदी असली तरी पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणाऱ्या पर्यटकांना रीतसर परवानगी असते. मच्छीमाराला मज्जाव आणि पर्यटकाला मुभा हा कुठला न्याय, असे कोणालाही वाटेल. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. म्हणून गेली चार दशके बारकाईने अभ्यासली गेलेली एकच जागा घेऊन हा विषय मुळापासून पाहू.

मेदेस बेटे: जागा आणि कायदा

स्पेनच्या ईशान्य टोकाला कातालोनियाचा कोस्ता ब्रावा नावाचा खडकाळ किनारा आहे. त्यावरील लेस्तार्तित या गावासमोर, जेमतेम एक किलोमीटर अंतरावर सात लहान बेटांचा पुंजका उभा आहे. हीच मेदेस बेटे. ती चुनखडीची आहेत. किनाऱ्यावरच्या मोंतग्री डोंगराचाच हा समुद्रात शिरलेला भाग. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळत असल्यामुळे पाण्याखाली उभे कडे, कपारी, गुहा आणि बेटाच्या आरपार गेलेले बोगदे तयार झाले आहेत. जवळच तेर नदी समुद्राला मिळते आणि तिच्यासोबत पोषक द्रव्ये येतात. भूमध्य समुद्राचे पाणी एरवी नितळ असते, पण नितळ याचा अर्थ तिथे अन्न कमी असाही होतो. मेदेसभोवतीचे पाणी त्या मानाने थोडे गढूळ आणि पुष्कळ सुपीक असते. पोस्टरवर शोभणारी निळाई हवी असेल तर भूमध्य समुद्रात दुसऱ्या जागा आहेत. मेदेसचे मोल खडकावर चिकटून जगणाऱ्या जीवांच्या गर्दीत आहे.

कातालोनियाच्या सरकारने १९८३ मध्ये या बेटांभोवतीच्या पट्ट्यात मासेमारी आणि सजीवांची कोणतीही तोड बंद केली. १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०१० मध्ये बेटे, मोंतग्रीचा डोंगर आणि तेर नदीचा सखल मुलूख मिळून एक नैसर्गिक उद्यान घोषित करण्यात आले. ज्या भागात काहीही पकडायला पूर्ण मनाई आहे, तो सगळा मिळून सुमारे एक चौरस किलोमीटर भरतो. त्याच्या बाहेर एक पट्टा आहे, जिथे ठरावीक प्रकारच्या मासेमारीला परवानगी आहे. या दोन भागांतला फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण मच्छीमारांच्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

बंदीनंतर काय परत आले?

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पश्चिम भूमध्य समुद्रात भाल्याने मासे मारण्याचा छंद फोफावला. त्यात सर्वांत आधी बळी गेला तो मेरो. आपल्याकडे कोकणात हेकरू किंवा गोबरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांच्याच कुळातला हा मोठा, तपकिरी, ठिपकेदार मासा. तो एकाच कपारीत घर करून राहतो, माणसाला फारसा बुजत नाही आणि म्हणून भालेवाल्याला सहज सापडतो. त्याची दुसरी अडचण जीवशास्त्रीय आहे. हा मासा आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात मादी असतो आणि बरीच वर्षे वाढल्यावर, साधारण ८० ते ९० सेंटीमीटर लांबी गाठल्यावर, नर होतो. शिकारी मोठा मासा निवडतो, म्हणजे नेमके नरच संपवतो. माद्या उरल्या तरी पुढची पिढी तयार होत नाही.

मेदेसमध्ये भाले थांबले आणि मेरो परतला. १९९० च्या दशकात तर त्याचे प्रजनन इथे पाण्याखाली प्रत्यक्ष पाहिले आणि नोंदवले गेले. पश्चिम भूमध्य समुद्राच्या थंड उत्तर भागात ही मोठीच घटना होती. सी बास, डेंटेक्स, गिल्टहेड यांसारखे इतर मोठे शिकारी मासेही वाढले. या माशांच्या मोजणीचा जवळजवळ दोन दशकांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जातींची संख्या त्या जागेला पेलवेल तितक्या मर्यादेला पोहोचलेली आढळली, तर काही जाती बंदीला पाव शतक उलटल्यावरही वाढतच होत्या. आज तिथे उतरणाऱ्या डायव्हरला दहा-पंधरा मीटर खोलीवर मीटरभर लांबीचा मेरो हाताच्या अंतरावरून शांतपणे निरखत राहतो. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर हे दृश्य दुर्मीळ आहे.

मासे काही दशकांत परत येऊ शकतात, ही मेदेसची पहिली आणि आनंदाची शिकवण. पण बहुतेक बातम्या इथेच थांबतात आणि खरा गुंता इथूनच सुरू होतो.

खडकावरच्या जीवांचा वेग

महाराष्ट्रातल्या ज्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, त्यांचा अनुभव इथे उपयोगी पडेल. चराई थांबली की दोन पावसाळ्यांत माळावर गवत उभे राहते, पण तोडलेला जुना वड दोन पावसाळ्यांत उभा राहत नाही. त्याला पिढ्या जाव्या लागतात. मेदेसचे मासे गवताच्या बाजूला बसतात आणि खडकावरचे जीव वडाच्या.

मेदेसच्या कड्यांवर साधारण पंधरा-वीस मीटरखाली लाल समुद्रपंखे दिसू लागतात. ही झाडे नाहीत. हजारो सूक्ष्म प्राण्यांनी एकत्र राहण्यासाठी उभारलेली ती फांद्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी आपले इवले तंतू पसरून प्रवाहातून येणारे अन्न टिपतो. मेदेसमध्येच झालेल्या मोजणीनुसार अशा पंख्याची उंची वर्षाला सरासरी १.८ सेंटीमीटर वाढते. म्हणजे अर्ध्या मीटरचा पंखा पाहत असाल, तर तो जवळजवळ तीस वर्षांचा आहे. त्याचे प्रजनन वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, चंद्रकलांशी जुळवून होते आणि अंडी मादी-वसाहतीच्या अंगावरच चिकटून वाढतात. त्यामुळे पिल्ले फार दूर जात नाहीत. एखादा कडा उजाड झाला तर शेजारच्या कड्यावरून तो पुन्हा भरून येणे फार कठीण.

त्याहूनही संथ आहे ते लाल पोवळे. त्याच्या दांडीचा व्यास वर्षाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही वाढत नाही. हे पोवळे आपल्याला परके नाही. नवरत्नांत मंगळासाठी जे लाल पोवळे वापरले जाते, ते शतकानुशतके याच समुद्रातून भारतात येत आले आहे. भारतीयांना पोवळ्याचे तितकेच मोल वाटते जितके रोमनांना मोत्याचे, असे रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात नोंदवले होते. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातले पोवळे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. भूमध्य समुद्रातील उथळ पाण्यातली मोठी पोवळी संपली, त्यात आपल्या दागिन्यांचाही वाटा आहे, हे मला नोंदवावेसे वाटते. आज मेदेसमध्ये पोवळे तोडायला मनाई आहे. तरीही चोरून तोड होते आणि चोरलेल्या एका फांदीची जागा भरायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

या सगळ्या जीवांच्या खाली जो खडक दिसतो, त्याचा पृष्ठभागही बऱ्याच अंशी सजीवांनीच बांधलेला आहे. चुना साठवणारी लाल शैवले एकमेकांवर थर चढवत जातात. त्यांना वर्षाला मिलिमीटरभर वाढायलाही सायास पडतात, आणि त्या थरांच्या फटींतून स्पंज, खेकडे, किडे, माशांची पिल्ले वस्तीला येतात. शास्त्रज्ञ या बांधकामाला कोरॅलिजेनस म्हणतात. आपण त्याला जिवंत खडक म्हणू.

डायव्हर तर काहीच घेऊन जात नाही, मग नुकसान कसले?

हा आक्षेप डायव्हिंगचे शौकीन हमखास घेतात आणि तो प्रामाणिक असतो. त्याचे उत्तर पाण्याखालच्या तोलात आहे. डायव्हर त्याला बॉयन्सी म्हणतात: खालीही जायचे नाही, वरही यायचे नाही, अधांतरी स्थिर राहायचे. हा तोल वाटतो त्यापेक्षा कठीण का असतो, ते पाहू.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. दाब वाढला की हवा आक्रसते. डायव्हरने अंगात घातलेल्या हवा भरायच्या जाकिटातली हवा आक्रसते, तसेच त्याच्या रबरी सूटमधले हवेचे सूक्ष्म बुडबुडेही दबतात. परिणामी जितके खोल जावे तितके शरीर आपोआप जड होत जाते. सरावलेला डायव्हर जाकिटात थोडी थोडी हवा सोडून आणि श्वास मोजून घेऊन हा फरक भरून काढतो. नवखा मात्र पाय मारून वर राहण्याची धडपड करतो. पायातल्या लांब फिन्सचा तो फटका खालच्या जिवंत खडकावर बसतो.

गोव्यात, तारकर्लीला किंवा अंदमानात शिकून युरोपात डायव्हिंगला जाणाऱ्या आपल्या लोकांना इथे आणखी एक अडचण येते. हिवाळ्यात मेदेसचे पाणी १२-१३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. उन्हाळ्यात वरचा थर २२-२४ अंशांवर असला तरी खाली गेल्यावर अचानक थंड थर लागतो. म्हणून पाच ते सात मिलिमीटर जाडीचा सूट घालावा लागतो. जाड सूट अधिक तरंगतो, शिवाय भूमध्य समुद्र महासागरापेक्षा थोडा अधिक खारट असल्यामुळेही शरीर तरंगते. मग बुडण्यासाठी कमरेला जास्त शिसे बांधावे लागते. वीस मीटरवर तो सूट दबला की तेच शिसे अंगावर उलटते. उबदार पाण्यात पातळ सूट घालून उत्तम तोल राखणारा माणूसही पहिल्या डाइव्हला इथे कड्यावर आदळू शकतो.

त्यात वेळेचा ताण असतो. बारा लिटरच्या टाकीत २०० बार (म्हणजे जवळजवळ २०० वातावरणांएवढ्या) दाबाने भरलेली हवा पृष्ठभागावर मोजली तर २,४०० लिटर होते. वीस मीटरवर दर श्वासाला तिप्पट हवा लागते, त्यामुळे साधारण माणसाला तळाशी अर्धा-पाऊण तासच मिळतो आणि वर येताना राखीव साठा ठेवावाच लागतो. लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणून समुद्रपंखे टॉर्चशिवाय काळसर निळे दिसतात. टॉर्च मारला की त्यांचा खरा रंग उजळतो आणि छायाचित्रासाठी प्रत्येक जण जवळ सरकतो. वेगवेगळ्या समुद्रांतल्या निरीक्षणांत कॅमेरा बाळगणारे डायव्हर तळाला अधिक वेळा स्पर्श करताना आढळले आहेत. गुहेत तर हात-पाय आवरले तरी भागत नाही. उच्छ्वासाचे बुडबुडे छतात अडकून बसतात आणि छताला उलटे लटकणारे पोवळे व स्पंज कोरडे पडतात.

एकेकट्या डायव्हरचा हा त्रास नगण्य वाटतो. पण मेदेसमध्ये वर्षाला होणाऱ्या डाइव्हची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेलेली आहे. तिथला एक अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. पेंटापोरा नावाचा एक वसाहत करून राहणारा जीव कड्यांवर चुन्याचे पातळ, नारिंगी, ठिसूळ पडदे उभारतो. ज्या जागी तोवर कोणी उतरत नव्हते, तिथे होड्या बांधायला नवा बोया टाकला गेला आणि संशोधकांनी या वसाहतींची गणना सुरू ठेवली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरात त्यांची संख्या निम्म्यावर आली होती. त्या जागेवर ना कोणी मासा मारला होता, ना कोणी पोवळे तोडले होते. समुद्रपंख्यांच्या बाबतीतही डायव्हरांची वर्दळ असलेल्या कड्यांवर वसाहती मुळापासून उखडण्याचे प्रमाण जास्त असल्याचे मेदेसमध्ये दिसून आले आहे.

मग डायव्हिंगच बंद का करत नाहीत?

सरळ उत्तर असे की बंद केले तर राखण करणाराच उरणार नाही. मेदेसमध्ये उतरण्यासाठी परवाना लागतो, प्रत्येक डायव्हरमागे शुल्क आकारले जाते आणि ते पैसे जागेच्या देखरेखीसाठी वापरले जातात. लेस्तार्तितमधली डायव्हिंग केंद्रे, होड्या, काचेच्या तळाच्या पर्यटक-बोटी, हॉटेले या सगळ्यांचे उत्पन्न जिवंत मेरोवर अवलंबून आहे. त्यामुळे रात्री चोरून जाळे टाकणारी होडी दिसली तर गावातलेच कोणीतरी फोन करते. दूरच्या राजधानीतून काढलेल्या आदेशाला हा डोळा कधीच मिळत नाही. शिवाय माशांची आणि पोवळ्यांची चार दशकांची मोजणी ज्यांनी केली, ते संशोधकही टाकी बांधूनच खाली उतरतात.

म्हणून तिथे बंदीऐवजी मोजमापाचा मार्ग धरला आहे. एका दिवसात किती डायव्हर उतरतील यावर मर्यादा असते. होडीला नांगर टाकता येत नाही. पक्क्या बांधलेल्या बोयालाच होडी लावायची आणि बोये मोजकेच. हा नियम दिसायला किरकोळ असला तरी माझ्या मते सगळ्यात जास्त काम तोच करतो. लोखंडी नांगर समुद्रगवताच्या कुरणात पडला की मुळांसकट पट्टे उपटून काढतो. भूमध्य समुद्रातले पोसिडोनिया हे समुद्रगवत जगात अन्यत्र कुठेही नाही आणि त्याची मुळे वर्षाला काही सेंटीमीटरच पसरतात; म्हणजे एका दुपारच्या मुक्कामाची जखम भरायला दशके लागतात. दुसरे असे की बोया कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवायचा नाही, यावरून डायव्हर कोणत्या कड्यावर जाणार हे आपोआप ठरते. पाटी लावून जे साधत नाही ते दोरीने साधते.

वाटाड्याचे महत्त्वही कमी लेखू नये. उतरण्यापूर्वी दिलेल्या चार सूचना कितपत उपयोगी पडतात, याबद्दल निरनिराळ्या समुद्रांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण पाण्याखाली वाटाड्याने जागच्या जागी हात धरून बाजूला केले की स्पर्श कमी होतात, हे दिसून आले आहे. म्हणून एका वाटाड्यामागे किती जण, हा प्रश्न सुरक्षिततेइतकाच पोवळ्यांचाही आहे.

मेदेसची मर्यादा पुरेशी कडक आहे का? मला ती अजूनही सैल वाटते. मर्यादा ठरवताना माशांची संख्या बघितली तर सगळे आलबेल दिसते, कारण मासे वाढतच आहेत. ती ठरवावी लागेल सर्वांत संथ जिवाकडे पाहून, आणि तो जीव कड्याला चिकटून आहे.

कोळ्यांच्या पोटाचे काय?

संरक्षित क्षेत्रांचे पुरस्कर्ते नेहमी सांगतात की आतले मासे वाढले की ते बाहेर सांडतात आणि मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. हे खरे आहे, पण अर्धे. मेदेससह पश्चिम भूमध्य समुद्रातल्या सहा संरक्षित क्षेत्रांचा एकत्रित अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सीमेलगत छोट्या मच्छीमारांना फायदा होत असल्याचे दिसले. मात्र वर उल्लेखलेल्या २०१३ च्या अभ्यासात मेदेसच्या मोठ्या शिकारी माशांबाबत हे सांडणे फार मर्यादित आढळले. पूर्ण बंदीच्या भागाबाहेर पडताच, म्हणजे जिथे मासेमारीला अंशतः परवानगी आहे त्या पट्ट्यातच, त्यांची संख्या झपाट्याने घसरत होती. कारण उघड आहे. बंदीचा भाग एक चौरस किलोमीटरचा. मेरोसारखा घरकोंबडा मासा बाहेर पडत नाही आणि जो पडतो तो सीमेवरच पकडला जातो.

म्हणून लेस्तार्तितला जो पैसा आला तो मुख्यतः पर्यटनातून आला आणि पर्यटनाचा पैसा आपोआप मच्छीमाराच्या घरात जात नाही. ज्याच्याकडे होडी आहे, जो परदेशी पाहुण्याशी बोलू शकतो, ज्याला परवाना मिळतो, त्याच्याकडे तो जातो. एकूण उत्पन्न वाढल्याचे आकडे दाखवून या प्रश्नाला बगल दिली जाते, तेव्हा मच्छीमारांचा राग पूर्णपणे समजण्याजोगा असतो. बंदी कोणाच्या पाण्यावर आणि मिळकत कोणाच्या खिशात, हे आधी लिहून ठरवल्याशिवाय कोणत्याही किनाऱ्यावर असे क्षेत्र उभे राहू नये.

समुद्रच तापत असेल तर या सीमांचा उपयोग काय?

हा सर्वांत अवघड आक्षेप. लेस्तार्तितचे जुसेप पास्कुआल हे हवामान-निरीक्षक १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून होडीने ठरावीक जागी जाऊन पृष्ठभागापासून ८० मीटरपर्यंत पाण्याचे तापमान मोजत आले आहेत. भूमध्य समुद्रातल्या अशा अखंड नोंदींमध्ये ही नोंद सर्वांत दीर्घ मानली जाते, आणि पाणी सातत्याने तापत चालल्याचे ती दाखवते. १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांत वायव्य भूमध्य समुद्रात समुद्रपंखे आणि स्पंज मोठ्या प्रमाणावर मेले. २०१५ ते २०१९ अशी सलग पाच वर्षे भूमध्य समुद्राच्या अनेक भागांत, पृष्ठभागापासून ४५ मीटर खोलीपर्यंत, सामूहिक मृत्यूंची नोंद झाली. यंत्रणा समजायला सोपी आहे: उन्हाळ्यात अन्न कमी असते, तेव्हा हे जीव आपले तंतू मिटून जपून राहतात; उष्णता लांबली की उपाशी पोटी श्वसनाचा खर्च वाढतो आणि मांस फांदीवरून गळून पडते. मागे उघडी काळी काडी उरते.

संरक्षित क्षेत्रांच्या आत हे मृत्यू टळले का? नाही. प्रवाळांना उष्णतेच्या लाटेपासून सीमारेषा वाचवत नाही, असे पश्चिम भूमध्य समुद्रातले अभ्यास स्पष्टपणे सांगतात. वादळाचेही तसेच. २६ डिसेंबर २००८ रोजी कातालोनियाच्या किनाऱ्यावर पूर्वेकडून आलेल्या प्रचंड वादळाने मेदेसचे कडे अक्षरशः खरवडले आणि त्यात संरक्षित-असंरक्षित असा भेद नव्हता.

तरीही हा आक्षेप उलट दिशेने वाचायला हवा, असे मला वाटते. समजा एखाद्या कड्यावर दर वर्षी शंभरांपैकी तीन पंखे नैसर्गिक कारणांनी मरतात आणि तितकेच नवे जन्मतात. तिथे डायव्हरांनी आणखी दोन उखडले तर घट सुरू होते. पण उष्णतेने आधीच दहा मेले असतील, तर तेच दोन कड्याचे भवितव्य ठरवू शकतात. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) म्हणजे समुद्र जितका तापेल तितकी डायव्हरांची मर्यादा कमी करावी लागेल. तापमान आपल्या हातात नाही, म्हणून जे हातात आहे तेही सोडून द्यायचे, या युक्तिवादात दम नाही. शिवाय उष्णतेमुळे किती मेले आणि माणसामुळे किती, हे वेगळे करून सांगता येते तेच मुळी मासेमारी थांबलेल्या आणि डाइव्ह मोजल्या जाणाऱ्या जागी.

मालवणला यातले काय घेता येईल?

हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आलाच असेल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी धरून मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्येच अधिसूचित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. ही अधिसूचना मेदेसच्या बंदीनंतर अवघ्या चार वर्षांनी निघाली. पण या पाण्यावर पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका चालते आणि त्यांनी अभयारण्याला पहिल्यापासून विरोध केला. मेदेसच्या एक चौरस किलोमीटरची बंदी उचलून २९ चौरस किलोमीटरवर ठेवणे न्याय्य नाही, आणि शहाणपणाचेही नाही.

मात्र मेदेसच्या नियमांत दोन वेगळी गाठोडी आहेत, हे वरच्या विवेचनातून दिसले असेल. एक माशांसाठी आणि दुसरे खडकावरच्या जीवांसाठी. पहिले गाठोडे मच्छीमाराच्या ताटातून काही काढून घेते. दुसरे काढून घेत नाही. मालवण आणि तारकर्लीला स्कूबासाठी येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्यांदाच पाण्याखाली जातात आणि त्यांना वाटाड्या हाताने धरून फिरवतो. स्वतःचा तोल त्यांच्याकडे नसतोच. अशा डाइव्हसाठी वाळूचा तळ असलेली जागा ठरवून देणे, प्रवाळांच्या जागी नांगराऐवजी कायमचे बोये बसवणे, एका बोयाला एका वेळी किती होड्या आणि एका वाटाड्यामागे किती पाहुणे हे बांधून देणे, आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर समुद्र उघडला की त्याच चार-दोन खडकांची पुन्हा मोजणी करणे, यातल्या एकाही गोष्टीने कोणाचे जाळे रिकामे राहत नाही. होड्या बहुतांशी स्थानिकांच्याच आहेत, बोया कुठे हवा हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही, आणि डायव्हरमागे घेतलेल्या शुल्कातला वाटा त्यांच्या सहकारी संस्थांकडे जाईल असे लिहून देता येते. अभयारण्याच्या सीमेचा वाद सुटेपर्यंत या कामासाठी थांबण्याचे कारण मला तरी दिसत नाही.